नक्षी अक्षराच्या पोटात की पोकळीत?

सोलापूरच्या नवी पेठेत दुकाने एकमेकांना अगदी खेटून उभी आहेत. कापड, तयार कपडे, विजेची उपकरणे, मोबाइल, असे सगळे एकाच फेरीत मिळते, आणि प्रत्येक दुकानावर एक पाटी असते. गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडे असते, चालत असते, बहुधा घाईत असते. त्याने दोन-तीन सेकंदांत नाव वाचावे एवढीच पाटीची अपेक्षा. आता मिठाईचे खोके, लग्नपत्रिका, खानावळींची नावे आणि साड्यांच्या पिशव्या यांवर एक जुनेच वळण नव्याने आलेले दिसते. जाड पोटाची अक्षरे, रेघेच्या आत दुसरी रेघ, खाली उजवीकडे सावली आणि टोकाला वेलबुट्टी. पाहणाऱ्याला वाटते, दुकान तीन पिढ्यांचे असावे.

अशी अक्षरे सुंदर दिसतात, याबद्दल वाद नाही. प्रश्न वेगळाच आहे. नक्षी केलेले अक्षर किती दुरून वाचता येते, आणि नक्षीने वाचन बिघडते ते नेमके कुठे? 'ज्याची त्याची आवड' असे म्हणून हा प्रश्न सोडून देण्याचे कारण नाही. दहावीची त्रिकोणमिती, चौकटींची वही आणि मोजपट्टी एवढ्या साहित्यावर वर्गात याचे उत्तर काढता येते.

सुरुवात डोळ्यापासून करू. पंचांगात ग्रहांची स्थिती राशी, अंश आणि कला यांत दिलेली असते. (दाते पंचांग सोलापूरचेच, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांना हे शब्द अपरिचित नसावेत.) एका अंशाचे ६० समान भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक कला. निरोगी डोळ्याला दोन काळ्या रेघा वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यामधल्या फटीने डोळ्याशी निदान एक कलेचा कोन करावा लागतो. फट त्याहून बारीक असेल तर दोन्ही रेघा मिसळून एकच दिसतात. एक कलेचे स्पर्शगुणोत्तर सुमारे ०.०००२९ आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की रेघेची किंवा फटीची जाडी जितके मिलिमीटर, त्याच्या सुमारे साडेतीन पट मीटर अंतरापर्यंत ती वेगळी दिसू शकते. एक मिलिमीटरची फट साडेतीन मीटरवरून, दोन मिलिमीटरची सात मीटरवरून. हा नियम पाठ असला की पुढचे सगळे सोपे आहे.

हाच आधार घेऊन हॉलंडमधील नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली डोळे तपासण्याचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येक रोमन अक्षर पाच चौकटी रुंद आणि पाच चौकटी उंच अशा जाळीत बसवले. रेघ एका चौकटीची, फट एका चौकटीची. इंग्रजी 'ई' हे अक्षर पाहा: तीन आडव्या रेघा आणि मधल्या दोन फटी, मिळून बरोबर पाच चौकटी. सहा मीटरवरून पाहायचे असेल तर एक चौकट १.७५ मिलिमीटरची आणि अक्षर सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंच येते. गंमत म्हणजे स्नेलेनच्या तक्त्यातली अक्षरे जाड रेघेची, टोकांना ठसठशीत आडव्या पट्ट्या असलेली आहेत. हे वळण जाहिरातींसाठी घडवलेल्या अक्षरांच्या कुळातले. भित्तिपत्रकांवर शोभणारे वळण डॉक्टरांच्या भिंतीवर जाऊन बसले!

आता हीच जाळी देवनागरीसाठी वापरून पाहू. विद्यार्थ्यांना चौकटींची वही द्या आणि 'मूर्ती' हा शब्द रेघ एका चौकटीची, फटही निदान एका चौकटीची, या अटीवर काढायला सांगा. पाच चौकटींच्या उंचीत तो बसत नाही, हे पहिल्या मिनिटातच कळते. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच्या भागाला आपण अक्षराचे धड म्हणू. 'क' सारख्या अक्षराचे धड नीट उमटायला सुमारे सात चौकटी लागतात: शिरोरेषा, फट, गोलाची वरची रेघ, गोलाची पोकळी, गोलाची खालची रेघ आणि खाली उरलेला दांडा. वर वेलांटी आणि रफार यांना तीन चौकटी, खाली उकाराला तीन. बेरीज तेरा झाली. काही मुले बारांत बसवतील, काहींना चौदा लागतील. बिघडत नाही. रोमन मोठ्या अक्षराला पाच आणि देवनागरीला त्याच्या अडीच पटींहून जास्त, एवढे प्रमाण मात्र पक्के ध्यानात येते.

याचा परिणाम पाटीवर काय होतो? समजा, पाटीवर २६ सेंटिमीटर उंचीचा पट्टा आहे. त्यात रोमन मोठी अक्षरे काढली तर एक चौकट ५.२ सेंटिमीटरची, म्हणजे ५२ मिलिमीटरची. साडेतीनाच्या नियमाने ती सुमारे १८० मीटरपर्यंत दिसेल. तोच पट्टा देवनागरीला दिला तर एक चौकट २ सेंटिमीटरची आणि अंतर सुमारे ७० मीटर. हे दोन्ही आकडे डोळ्याच्या अगदी शेवटच्या मर्यादेचे आहेत. आरामात वाचण्यासाठी त्यांच्या निम्मे किंवा तिसरा हिस्साच धरावा. शिवाय ओळखीचा शब्द आपण अक्षर-अक्षर न वाचता एकूण आकारावरूनही ओळखतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो. तरीही दोन लिप्यांमधले प्रमाण फारसे बदलत नाही.

येथे एक कायद्याचा मुद्दा येतो आणि तो नवी पेठेतल्या प्रत्येक दुकानाला लागू आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी आवश्यक झाली. मराठी नाव आधी यावे आणि त्याच्या अक्षरांचा आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतील दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, ती बातमी अनेकांनी वाचली असेल. आता वरची आकडेमोड आठवा. मोजपट्टीने दोन्ही नावे सारख्या उंचीची केली, तरी मराठी नाव इंग्रजी नावाच्या निम्म्याहून कमी अंतरावरून वाचले जाईल. वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत उंची मोजायची की फक्त धडाची, यावर सगळा फरक अवलंबून आहे. आमच्या मते धडाची उंची रोमन मोठ्या अक्षराएवढी ठेवणे हाच न्याय्य मार्ग. धडाच्या सात चौकटी २६ सेंटिमीटरमध्ये आल्या तर एक चौकट ३.७ सेंटिमीटरची होते आणि अंतर १३० मीटरच्या आसपास जाते. बरोबरी तरीही होत नाही, पण निदान तुलना करण्याजोगी परिस्थिती येते.

आता नक्षीकडे वळू. ही जाड पोटाची अक्षरे मुळात आली कुठून?

पुस्तके छापण्याच्या पहिल्या साडेतीनशे वर्षांत छापखान्यांकडे मोठे अक्षर जवळजवळ नव्हतेच. पुस्तक हातभर अंतरावरून वाचायचे असते, त्याला मोठे अक्षर लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात सोडती, नाटके आणि विक्रीच्या मालाची भित्तिपत्रके वाढली, तेव्हा अक्षराने दुरून हाक मारण्याची गरज निर्माण झाली. लंडनच्या रॉबर्ट थॉर्न यांनी १८०३ च्या सुमारास उभ्या रेघा बेसुमार जाड केलेले वळण काढले. १८१५ मध्ये व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या नमुनापुस्तकात सावली टाकलेली अक्षरे दिसू लागली. एकदा रेघ जाड झाली की तिच्या पोटात जागा मिळते. त्या जागेत कोणी पांढरी रेघ घातली, कोणी ठिपके, कोणी वेली. म्हणजे नक्षी आधी नव्हती. आधी जाडी आली, ती दुरून दिसण्यासाठी आली, आणि मग त्या जाडीत नक्षी शिरली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

पण मोठे अक्षर शिशात ओतणे त्रासाचे होते. साधा हिशेब करू. १० सेंटिमीटर लांब-रुंद खिळ्याची उंची सुमारे २.३ सेंटिमीटर. घनफळ २३० घन सेंटिमीटरच्या आसपास. खिळ्यांच्या मिश्रधातूची घनता पाण्याच्या दहापटीहून थोडी जास्त, म्हणजे एका अक्षराचे वजन अडीच किलोच्या घरात! सात-आठ अक्षरांची एक ओळ उचलायला माणूस लागेल. शिवाय एवढा मोठा ठोकळा थंड होताना पृष्ठभाग खोलगट होतो आणि छपाई डागाळते. यावर उपाय लाकडाचा. अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये यंत्राने लाकडी अक्षरे कोरण्यास सुरुवात केली. तेच अक्षर मेपल लाकडाचे केले तर दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. झाडाचे खोड आडवे कापल्यावर तंतूंची जी टोके वर येतात त्या बाजूवर अक्षर कोरत, म्हणजे कडा उसवत नाहीत आणि अक्षर हजारो छापे सोसते.

१८३४ मध्ये विल्यम लेवेनवर्थ यांनी या कामाला पँटोग्राफची जोड दिली. पँटोग्राफ म्हणजे चार पट्ट्यांचा समांतरभुज चौकोन. त्याच्या एका टोकाने मूळ आकृती गिरवली की दुसरे टोक तीच आकृती ठरलेल्या प्रमाणात लहान-मोठी काढते. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या आणि चार टाचण्या घेऊन तो वर्गात जरूर करावा. समरूप त्रिकोणांचा याहून जिवंत दाखला आम्हाला ठाऊक नाही. या यंत्रामुळे एकाच नमुन्यावरून हव्या त्या मापाची अक्षरे निघू लागली आणि नक्षीदार वळणांचा महापूर आला. नव्वदीच्या दशकात ज्याला 'फाँटची सीडी' म्हणत, तिचा हा लाकडी पूर्वजच.

मराठीचा रस्ता थोडा निराळा. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. शिळेवर अक्षर हाताने काढायचे असल्याने ते हवे तेवढे मोठे आणि नक्षीदार काढायला मोकळीक असे. पुढे खिळ्यांचे युग आले. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्याबरोबर राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी ठसे कोरणारा होता. या खिळ्यांपुढची मोठी अडचण म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे. प्रत्येक जोडणीचा वेगळा अखंड खिळा ओतायचा तर शेकडो खिळे लागत. त्यापेक्षा अक्षराचे तुकडे पाडून ते वर, मध्ये आणि खाली असे तीन मजल्यांत जुळवण्याची 'डिग्री' पद्धत मुंबईत रूढ झाली. ती साध्या मजकुराला सोयीची होती, पण नक्षीला घातक. अक्षराभोवतीची किनार किंवा सावली तुकड्यांच्या सांध्यावर तुटते. म्हणून देवनागरीत शोभेचे अक्षर हवे असले की छापखाने चित्रकाराकडून अख्खे नाव काढून घेत आणि त्याचा ब्लॉक करत.

येथे दोन गोष्टींमधला फरक समजून घेतला पाहिजे. एक म्हणजे अक्षरांकन, दुसरा टाइप. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींतली कमल शेडगे (१९३५-२०२०) यांची नावे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना पहिला प्रकार सांगायला नको. प्रत्येक नाटकाचे नाव त्या नाटकापुरतेच काढलेले असे. त्यातला 'र' अरुंद, मग शेजारची जागा कशी भरायची, वेलांटी किती लांब ओढायची, हे चित्रकार त्या एका शब्दापुरते ठरवतो. टाइप किंवा फाँट करणाऱ्याला ही चैन नसते. त्याचे 'र' कोणत्याही अक्षराशेजारी उभे राहू शकते, आणि त्याची नक्षी प्रत्येक शेजाऱ्याशी जुळली पाहिजे. नवी पेठेसारख्या बाजारांतल्या पाट्या एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत मोठ्या प्रमाणावर पेंटरच रंगवत, म्हणजे त्या अक्षरांकन होत्या. फ्लेक्सची छपाई स्वस्त झाली तशा त्या फाँटच्या झाल्या. पेंटरांचा धंदा बसला, त्याची चर्चा झाली. पण त्यांच्याबरोबर अक्षराविषयीचे जे व्यावहारिक ज्ञान गेले, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

ते ज्ञान काय होते, हे चौकटींच्या वहीवर उलगडता येते. जाड रेघेच्या मधोमध एक पांढरी रेघ घातली असे समजा. आपल्या २६ सेंटिमीटरच्या पाटीवर रेघ २ सेंटिमीटरची होती. तिचे आता तीन भाग झाले: काळा, पांढरा, काळा. प्रत्येक भाग साडेसहा-सात मिलिमीटरचा. ही आतली नक्षी सुमारे २३ मीटरपर्यंत दिसेल. त्यापलीकडे गेल्यावर ती पुसली जाईल आणि रेघ काळ्याऐवजी राखाडी दिसेल. अक्षर फिके झाले, पण त्याचा आकार शाबूत आहे! ७० मीटरवरच्या माणसाला नाव अस्पष्ट का होईना, वाचता येते, आणि दुकानाच्या पायरीवर आलेल्याला नक्षीही दिसते. रेघेच्या पोटातली नक्षी अशी निरुपद्रवी असते.

आता तीच नक्षी रेघेबाहेर, पोकळीत आणा. 'ष' च्या पोटात एक पान काढा किंवा 'ब' च्या गोलात ठिपका ठेवा. एक चौकट रुंदीच्या पोकळीत काहीही घातले की फट अर्ध्याहून बारीक होते आणि वाचण्याचे अंतर त्याच प्रमाणात घटते. रोमन 'ओ' च्या पोटात तीन चौकटी रिकाम्या असतात, तेथे फूल खपून जाते. देवनागरीत रिकामी जागाच मुळी कमी. 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' यांच्या पोकळ्या तर आधीच जेमतेम असतात. त्यामुळे इंग्रजी नक्षीदार वळणाची हुबेहूब मराठी आवृत्ती करायला गेले की ती बहुतेक वेळा फसते.

याहून नाजूक जागा आहे शिरोरेषेची. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ', 'य' आणि 'थ' या जोड्या फळ्यावर लिहून पाहा. फरक डाव्या कोपऱ्यातल्या लहानशा वळशाचा किंवा शिरोरेषेतल्या फटीचा. 'व' आणि 'ब' यांत तर एका तिरप्या रेघेचा. जुन्या वळणाची शोभा आणण्यासाठी अक्षराच्या डाव्या टोकाला आकडा किंवा वेलबुट्टी जोडली, की ती नेमकी याच ठिकाणी पडते. मग 'घर' चे 'धर' होते, 'मात' चा 'भात' होतो. दुकानाच्या नावात असे झाले तर हसून सोडून देता येईल. औषधाच्या चिठ्ठीवर किंवा विजेच्या खांबावरच्या सूचनेत झाले तर? पेंटर हे हिशेब मांडून करत नसत. पाटी रंगवताना ते अधूनमधून रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहत, एवढेच. संगणकावर अक्षर नेहमी हातभर अंतरावर असते, आणि तेथे सगळीच नक्षी छान दिसते.

सावलीचे शास्त्रही सोपे आहे. प्रकाश वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरून चालतो, कारण सूर्य वर असतो. म्हणून खालच्या कडेला गडद छटा दिली की अक्षर उठावदार दिसते. उठावाची छटा दिलेले एखादे अक्षर छापील कागदावर घेऊन कागद उलटा धरा. बहुतेकांना ते आता खोल कोरल्यासारखे दिसेल. सावली अक्षराला चिकटलेली असेल तर वाचन बिघडवत नाही, पण ती शेजारच्या पोकळीत शिरली तर वर सांगितलेलाच दोष येतो. म्हणून देवनागरीत सावली उथळ ठेवावी लागते. रंगांबाबत एकच सांगतो. लाल अक्षराला निळी जमीन फार जणांना आवडते. डोळ्याचे भिंग लाल आणि निळ्या प्रकाशाला एकाच ठिकाणी केंद्रित करू शकत नाही, त्यामुळे दोन्हींच्या सीमेवर अक्षर थरथरल्यासारखे दिसते. मध्ये बारीक पांढरी किनार सोडली तर हा त्रास बराच कमी होतो. रंगवलेल्या जुन्या पाट्यांवर अशी किनार असे, ती केवळ शोभेसाठी नसावी.

आता संगणकावरच्या फाँटांकडे येऊ. यात अलीकडे चांगले काम झाले आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' जाड आणि बारीक रेघांचा टोकाचा विरोध देवनागरीत आणतो. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या जाड वळणाची आठवण येते. 'यात्रा वन' हा फाँट मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरला आहे. मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाचा 'मोदक' तर पोकळीच्या प्रश्नाशी थेट खेळतो. त्याची अक्षरे इतकी गुबगुबीत आहेत की पोकळ्यांच्या जागी केसासारख्या रेघा तेवढ्या उरतात. मोठ्या मापात, दोन-तीन अक्षरांच्या नावाला तो फार शोभतो. त्यातच परिपत्रक छापले तर कोणी वाचणार नाही. दिल्लीत हनीफ कुरेशी (१९८२-२०२४) यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे जमवून त्यांचे फाँट करण्याचा उपक्रम चालवला आणि त्या फाँटांना त्या-त्या पेंटरचे नाव दिले. हे विशेष कौतुकास्पद वाटते.

पण चांगला फाँट घेऊनही मराठी पाटी बिघडते ती वापरात. देवनागरीच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराला शिरोरेषेचा आपापला तुकडा असतो आणि शेजारी अक्षरे आली की ते तुकडे एकमेकांवर किंचित चढतात. काळ्या रंगात हे कळत नाही. किनार काढण्याची आज्ञा दिली की प्रत्येक तुकड्याभोवती वेगळी किनार येते आणि शिरोरेषेवर दर अक्षराला उभी चीर दिसते. सावली दिली तर एका अक्षराची सावली दुसऱ्याच्या अंगावर पडते. लग्नपत्रिकांवर हे दोष इतके सर्रास दिसतात की आता कोणाला खटकतही नाहीत. खिळ्यांच्या डिग्री पद्धतीतला सांधा असा दीडशे वर्षांनी परत आला आहे. उपाय आहे: आधी सगळ्या शब्दाची अक्षरे एका आकृतीत जोडून घ्यायची आणि मग किनार काढायची. चित्र रेखाटण्याच्या कोणत्याही संगणकप्रणालीत ही सोय असते. पेंटरला ती लागत नसे, कारण तो शिरोरेषा एकाच हाताने ओढत असे. जुन्या इंग्रजी पाट्यांची नक्कल म्हणून अक्षरे लांब-लांब ठेवणे, हाही देवनागरीवर अन्याय. तसे केले की शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. कमानीत नाव बसवायचे असेल तर शिरोरेषाच कमानीसारखी वाकवावी. सरळ अक्षरे नुसती तिरपी करून मांडली तर ती मोडक्या काठीसारखी दिसते.

मराठी पाटीसाठी फाँट निवडताना 'ल', 'श' आणि 'ऱ्य' ही अक्षरे आधी उमटवून पाहावीत. फाँट केवळ हिंदीचा विचार करून केलेला असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येत नाहीत, आणि 'ऱ्य' मधला अर्धा 'र' कधी कधी येतच नाही. महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी 'ल' आणि 'श' यांची वळणे ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने निश्चित केलेली आहेत.

मग हे नक्षीदार अक्षर वापरायचे कुठे? दुकानाच्या नावाला, मिठाईच्या खोक्याला, नाटकाच्या जाहिरातीला, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फलकाला खुशाल वापरावे. शब्द थोडे असावेत, माप मोठे असावे आणि वाचणाऱ्याला जवळ येण्याची सवड असावी. एस.टी.च्या पाटीवर मात्र ते नको. सोलापूरच्या स्थानकावर अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या पाट्या धावत-पळत वाचायच्या असतात. शाळेचा सूचनाफलक, परीक्षेचे वेळापत्रक, प्रयोगशाळेतील आम्लाच्या बाटलीवरची चिठ्ठी यांना साधे, मोकळ्या पोकळीचे अक्षरच योग्य. पंचांगाचे आतले पान आठवा: बारीक आकड्यांनी गच्च भरलेले असूनही ते वाचता येते, कारण तेथे एकाही आकड्याला शोभेचे काम दिलेले नाही.

सोलापूरच्या शिक्षकांना या विषयात एक खास सवलत आहे. त्यांच्या वर्गात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड घरांतली मुलेही असतात, आणि कर्नाटकाच्या बसगाड्यांमुळे कन्नड पाट्या रोज डोळ्यांसमोर येतात. या दोन्ही लिप्यांना सलग शिरोरेषा नाही. प्रत्येक अक्षर सुटे आणि गोलसर. म्हणजे किनार तुटण्याचा प्रश्न तेथे नाही, पण खाली लटकणाऱ्या जोडाक्षरांमुळे उंचीचा प्रश्न आहेच. तेलुगू येणाऱ्या मुलांकडून त्यांचे आडनाव चौकटींच्या वहीत काढून घ्या आणि किती चौकटी लागल्या ते मराठीशेजारी मांडा.

घरात नाव विणलेला सोलापुरी टॉवेल किंवा चादर असेल तर तीही वर्गात आणायला सांगा. जकार्ड मागावर विणायचे अक्षर आधी चौकटींच्या कागदावर भरावे लागते: या चौकटीत धागा वर, त्या चौकटीत खाली. संगणकाच्या पडद्यावरचे ठिपक्यांचे अक्षर याच तत्त्वावर असते. गोल रेघ तेथे पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, आणि कमी चौकटींत अक्षर बसवण्यासाठी विणणाऱ्याने कोणती फट राखली, कोणती बुजू दिली, हे भिंगाखाली मोजता येते. मोजलेल्या चौकटींवरून साडेतीनाच्या नियमाने अंतर काढावे, टॉवेल शाळेच्या मैदानात दोरीवर टांगावा आणि कोणत्या मुलाला कुठवरून नाव वाचता येते ते पावलांनी मोजून पाहावे. काही मुले अपेक्षेपेक्षा फारच जवळ येईपर्यंत वाचू शकली नाहीत, तर त्यांच्या पालकांना डोळे तपासून घेण्याविषयी अवश्य कळवावे.